चुकांचा रकाना

खेळ पाहावयास जाणारा मनुष्य तिकिटाबरोबर न्यायाधीशाचे पदही विकत घेतो, अशी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. खेळाडूने काल काय केले, गेल्या आठवड्यात काय केले, एवढ्यावरून तो संघात ठेवावा की काढावा, तो कष्टाळू की कामचुकार, धीराचा की भित्रा, याचा निकाल प्रेक्षक घरी पोहोचण्यापूर्वीच देऊन मोकळा होतो. हा अधिकार त्यास कोठून प्राप्त झाला, आणि त्याची मर्यादा कोणती, हा प्रश्न आम्हांस दिसतो तितका क्षुल्लक वाटत नाही. कारण खेळाडूविषयी असा निकाल देणारा मनुष्य शेजाऱ्याविषयी, हाताखालच्या माणसाविषयी आणि प्रसंगी स्वतःच्या मुलाविषयीही तसाच निकाल देत असतो.

या विचारास अमेरिकेतील बेसबॉल हा खेळ विशेष सोयीचा आहे. क्रिकेटच्या गुणफलकावर सुटलेल्या झेलाची नोंद होत नाही. बेसबॉलच्या फलकावर मात्र धावा आणि यशस्वी टोले यांच्या शेजारी तिसरा रकाना असतो, तो चुकांचा. सामान्य प्रयत्नाने जे साधले असते ते क्षेत्ररक्षकाच्या हातून साधले नाही, असे अधिकृत नोंदकास वाटले, म्हणजे तेथे एक आकडा चढतो. व्यवस्था न्याय्य दिसते. परंतु तिच्यातही एक मेख आहे. जो क्षेत्ररक्षक मंद पावलांमुळे चेंडूपर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या नावे सहसा चूक लागत नाही. जो पोहोचतो आणि ज्याच्या हातून चेंडू निसटतो, त्याच्या नावे ती लागू शकते. अर्थात् फलकावरील चूक आणि माणसाचा दोष या दोन गोष्टी एकच नव्हेत.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बिल बकनर याचे. १९८६ च्या २५ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बॉस्टन रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क मेट्स यांच्यात अजिंक्यपदाच्या मालिकेतील सहावा सामना चालू होता. बॉस्टनने तीन सामने जिंकले होते. आणखी एक जिंकला की १९१८ पासून हुलकावणी देणारे अजिंक्यपद हाती येणार होते. दहाव्या डावात बॉस्टनची ५-३ अशी आघाडी होती आणि मेट्सचे तिघांपैकी दोघे बाद झाले होते. त्यानंतर लागोपाठ तीन टोले बसले व एक धाव निघाली. मग पिचर बॉब स्टॅन्ली याची एक फेक भरकटली आणि दुसरी धाव येऊन बरोबरी झाली. त्यानंतर मूकी विल्सनने टोलविलेला एक संथ, सरपटता चेंडू पहिल्या बेसवर उभ्या असलेल्या बकनरच्या दोन पायांमधून निघून गेला, आणि मेट्सने सामना ६-५ असा जिंकला. दोन दिवसांनी झालेला सातवा सामनाही बॉस्टनने तीन धावांची आघाडी घेऊन गमावला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. आघाडी गेली ती बकनरच्या चुकीने नव्हे; ती त्याआधीच गेली होती. जिने बरोबरी झाली ती भरकटलेली फेक तर नियमाप्रमाणे चुकांच्या रकान्यात येतच नाही. बकनरचे घोटे दुखावलेले होते, हे सर्वांना ठाऊक होते. त्या मालिकेत शेवटच्या डावांसाठी त्याच्या जागी दुसरा खेळाडू उभा करण्यात येत असे, तो त्या रात्री केला गेला नाही. सातवा सामना तर सर्वांनीच मिळून हरला. तरीही पुढे कित्येक वर्षे लोकांच्या मुखी नाव राहिले ते एकाच माणसाचे. पराभवास अनेक कारणे असतात. संतापास मात्र एकच चेहरा लागतो.

आणि तो चेहरा कोणाचा होता? २२ मोसम खेळून २७१५ यशस्वी टोले मारणाऱ्या, १९८० साली शिकागो कब्जकडून नॅशनल लीगमधील सर्वोत्तम फलंदाजीची सरासरी मिळविणाऱ्या, आणि त्या १९८६ च्याच मोसमात दुखऱ्या पायांनी १०२ धावा घडवून आणणाऱ्या खेळाडूचा. हे सर्व एका चेंडूच्या खाली गाडले गेले.

प्रेक्षक म्हणेल, ‘जुन्या पुण्याईचे काय करावयाचे? आज तो कसा खेळतो ते सांगा.’ हा आक्षेप वजनदार आहे. परंतु ‘आज’ म्हणजे किती? बेसबॉलमध्ये शंभरांपैकी तीस वेळा यशस्वी टोला मारणारा फलंदाज उत्तम गणला जातो. म्हणजे उत्तमालाही सत्तर वेळा अपयश ठेवलेलेच आहे. अशा फलंदाजाच्या अंगी कसलाही बिघाड नसता, केवळ योगायोगाने, कोणत्याही वीस संधींत त्याचे तीन किंवा त्याहून कमी टोले बसण्याचा संभव गणिताने सुमारे दहांत एक इतका येतो. वीस संधी म्हणजे जेमतेम पाच सामने. मोसम १६२ सामन्यांचा. त्या पाच सामन्यांवरून आम्ही म्हणतो, ‘हा संपला.’ संपलेला असतो तो बहुधा आमचा धीर.

हा दोष केवळ अमेरिकेतील प्रेक्षकाचा नव्हे. १९५२ च्या जून महिन्यात हेडिंग्लेच्या कसोटीत भारताच्या दुसऱ्या डावाचे पहिले चार बळी एकही धाव निघण्यापूर्वी पडले. त्या चारांत वडोदऱ्याचे दत्ता गायकवाड होते, ज्यांचा तो पहिलाच कसोटी सामना होता. आणि विजय मांजरेकरही होते, ज्यांनी त्याच सामन्याच्या पहिल्या डावात, विसाव्या वर्षी, १३३ धावा काढल्या होत्या. १३३ चे मांजरेकर खरे की शून्याचे? दोन डावांत माणूस तर एकच होता. गायकवाडांनी पुढे १९५७-५८ साली वडोदऱ्यास रणजी करंडक मिळवून दिला, आणि १९५९ साली इंग्लंडमध्येच भारताचे नेतृत्व केले. त्या शून्यावरच त्यांचा हिशेब मिटविला असता, तर चूक कोणाच्या नावे लागली असती?

यावर कोणी विचारील, की मग टीका करावयाचीच नाही काय? खचित करावी. ज्या खेळात बऱ्यावाइटाचा विवेक नाही, तो पाहण्यातही गोडी नाही. चेंडू सुटला हे म्हणावे. दुखऱ्या पायाचा मनुष्य मैदानावर का ठेवला, हेही विचारावे. परंतु कृतीचा निकाल देणे निराळे आणि माणसाचा निकाल देणे निराळे. पहिल्यास डोळे पुरतात. दुसऱ्यास त्या माणसाचे सारे आयुष्य ठाऊक असावे लागते, आणि ते प्रेक्षकास कधीच ठाऊक नसते. खेळाडू मोबदला घेतो हे खरे. पण तो मोबदला श्रमाचा असतो, अपमान सोसण्याचा नव्हे.

हे आम्ही उंच आसनावरून सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी गावातील दोन संघांच्या रविवारच्या सामन्यात एका पोरसवदा मुलाच्या हातून सोपा झेल सुटला. आम्ही कडेवरून एक कोटी केली. ती साधली, सारे हसले, आणि मुलाने मान खाली घातली. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्यानंतरही कधी दिसला नाही. का आला नाही, हे आम्ही विचारले नाही. आज त्याचे नाव आम्हांस आठवत नाही. आमची कोटी मात्र शब्दशः आठवते. या विस्मरणाची लाज त्या कोटीच्या लाजेहून अधिक आहे.

बकनर १९९० साली पुन्हा बॉस्टनकडून उतरला तेव्हा लोकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले. तरीही कुचेष्टा थांबली नाही, आणि पुढे तो सहकुटुंब दूर आयडाहो राज्यात राहावयास गेला. २००४ व २००७ साली बॉस्टनने अजिंक्यपद जिंकले, आणि ८ एप्रिल २००८ रोजी मोसमातील घरच्या पहिल्या सामन्याचा मानाचा चेंडू टाकण्यास त्याला पाचारण केले. सारे मैदान बराच वेळ टाळ्या वाजवीत उभे राहिले. त्याचे डोळे पाणावले. प्रसंग हृद्य होता, यात शंका नाही. परंतु आमच्या मनात एक शल्य उरते. घरात धन आल्यावर सोडलेल्या कर्जास औदार्य म्हणावे काय? आणि मुळात ऋणको कोण होता? बकनर २०१९ साली वारला. त्या दिवशी क्षमा करण्याचा अधिकार प्रेक्षकांचा होता की त्याचा, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाशी द्यावे.

फलकावर खेळाडूच्या चुकांचा रकाना असतो. प्रेक्षकाच्या चुकांचा रकाना कोणत्याही मैदानावर नाही. तो ज्याचा त्यानेच ठेवावयाचा असतो. आमच्या रकान्यात निदान एक आकडा आहे, आणि तो पुसण्यास आता तो मुलगा कोठे सापडेल, हे आम्हांस ठाऊक नाही.