बारा फुटांचे घर

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, रोकब्रून-काप-मार्तां येथे समुद्राकडे उतरत गेलेल्या कड्यावर एक लाकडी झोपडी आहे. लांबी-रुंदी प्रत्येकी ३.६६ मीटर, म्हणजे बारा फूट. चंडीगढचा आराखडा आखणारे वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी १९५२ मध्ये ती स्वतःसाठी उभारली. बाहेरून पाइनच्या सालीसकट फळ्या, त्यामुळे दुरून ती झाडांत विरून जाते. आत प्लायवूडच्या भिंती, खाट, मेज, कपाट आणि हात धुण्याचे भांडे. आज घर बांधताना दिवाणखान्यात शोकेस किती लांब हवी याचीच चर्चा आपण करतो. अशांना ही झोपडी लाजवील.

पण या घरात स्वयंपाकघर नाही. शेजारच्या खानावळीत उघडणारे एक दार आहे! चूल, धूर, खरकटी भांडी, सारे त्या दारापलीकडे. लिहिण्या-रेखाटण्यासाठीही १९५४ मध्ये बाजूला आणखी एक खोपटी उभी राहिली. मग या साधेपणाचा भार वाहिला कोणी? आपला पसारा दुसऱ्याच्या ओट्यावर ठेवून लाभणारे रितेपण आम्हांला अपरिग्रह वाटत नाही, सोय वाटते. तरीही त्या माणसाला ढोंगी म्हणवत नाही. झोपडीखालची जमीन त्या खानावळवाल्याची होती. तिच्या मोबदल्यात १९५७ मध्ये त्यांनी त्याला पाहुण्यांसाठी पाच छोट्या लाकडी खोल्या बांधून दिल्या.