ऋतुकालोद्भव फळ आणि देवाचा नैवेद्य

पूजाविधीत देवाला फुले-फळे अर्पण करताना त्यांस ‘ऋतुकालोद्भव’ असे विशेषण लावण्याचा प्रघात आहे. त्या त्या ऋतूत, त्या त्या काळी उपजलेले, एवढाच त्याचा सरळ अर्थ. मौल्यवान, दुर्मिळ किंवा दूरदेशीचे असे विशेषण पूर्वजांनी तेथे योजिले नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताकडून जे मागितले, ते पान, फूल, फळ आणि पाणी. यांतील एकही वस्तू अशी नाही की जी निर्धनास अप्राप्य व्हावी. पुरोहित मंत्र म्हणतात, यजमान हात जोडतो, ‘ऋतुकालोद्भव’ हा शब्द कानावरून जातो आणि समोरच्या तबकात त्या ऋतूशी काही संबंध नसलेले फळ ठेवलेले असते.

छत्रपती संभाजीनगरहून श्रीघृष्णेश्वराच्या दर्शनास निघालेल्या भाविकाची वाट देवगिरी किल्ल्याच्या पायथ्यावरून जाते, घाट चढून खुलताबादेस पोहोचते, तेथे श्रीभद्रा मारुतीचे दर्शन घडते आणि मग वेरूळ येते. पावसाळा सरता सरता या वाटेच्या दोन्ही अंगांस सीताफळांच्या पाट्या दिसू लागतात. थंडी पडली की पेरूंचे ढीग लागतात. ही भूमी फळांची म्हणून फार पूर्वीपासून ख्यात आहे. चौदाव्या शतकात मोरोक्कोहून आलेला प्रवासी इब्न बतूता याने दौलताबादच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची आवर्जून नोंद केली आहे. अशा वाटेवरून जाणारा भाविक पाट्यांकडे पाहतो, क्वचित थांबतोही. परंतु देवासाठी म्हणून तो जे घेऊन जातो ते बहुधा शीतगृहात कित्येक महिने राहिलेले, मेण चढविलेले सफरचंद असते. सफरचंद वाहिल्याने दोष लागतो असे कोणी म्हणणार नाही. काश्मीर व हिमाचलातील भक्ताने ते आपल्या देवाला अवश्य वाहावे. तेथील ते ऋतुफळच होय. मात्र येथील डोंगराने येथील देवासाठी जे पिकविले ते पाटीत राहावे आणि चकाकी पाहून दुसरेच तबकात जावे, हा व्यवहार भक्तीपेक्षा दिखाव्याच्या अधिक जवळचा आहे.

सीताफळाचेच उदाहरण घ्यावे. हे झाड मुरमाड, खडकाळ उतारावर वाढते. गुरे त्याच्या पानांस सहसा तोंड लावीत नाहीत. पाऊस कमी पडला तरी ते तग धरते. म्हणूनच देवगिरी-खुलताबादच्या टेकड्यांपासून बीडकडील बालाघाटापर्यंत ते मराठवाड्याचे होऊन राहिले; बीडच्या सीताफळास 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु झाड जितके चिवट, तितके त्याचे फळ नाजूक. त्याचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधील रेघा पांढरट-पिवळसर होऊन रुंदावल्या, की ते उतरवावे लागते आणि दोन-तीन दिवसांत मऊ पडते. अति थंडीत ठेवल्यास साल काळी होते. साठवून, भाव पाहून विकावे अशी सोय त्यात नाही. आज तोडलेली पाटी उद्या-परवा विकली गेली तर शेतकऱ्याच्या घरात पैसा येतो, नाहीतर ती गुरांपुढे किंवा उकिरड्यावर जाते. रस्त्याकडेला बसलेल्या माउलीच्या आवाजातील घाई या दोन दिवसांची असते.

येथे एक शंका कोणी काढील, आणि ती रास्त आहे. सीताफळ तरी मूळचे येथले कोठे? ते आणि पेरू ही दोन्ही फळे अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आली. मिरची, भुईमूग, टोमॅटो यांचीही तीच कथा. हे सर्व खरे आहे. पण ऋतुकालोद्भव हा शब्द फळाची वंशावळ विचारीत नाही. या मातीत रुजले, या पावसावर वाढले आणि या महिन्यात पिकले, एवढ्यावर त्याचे समाधान होते. सोरटी भूमीतून आलेला केसर आंबाही मराठवाड्याने असाच आपलासा केला आणि 2016 मध्ये ‘मराठवाडा केसर’ या नावाने त्याला मानांकन लाभले. देवाच्या दारी जे सर्वांना लागू, ते फळांनाही लागू असावे.

आपले सणवार पाहिले तर ते शिवाराकडे बघूनच बसविल्यासारखे दिसतात. चैत्रगौरीला कैरीची डाळ आणि पन्हे. अक्षय्य तृतीयेस पितरांना आमरस अर्पण केल्यावाचून आंबा तोंडी न लावणारी घरे मराठवाड्यात आजही आहेत. झाडावर फळ पुरते पोसण्याआधीच ते तोडू नये, हा संयम या एका रीतीने किती सहज शिकविला! भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा घरी येतात, त्यांना येथे महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्यांच्या नैवेद्यास सोळा भाज्यांचा मान असतो. एरवी एका घरात सोळा भाज्या जमविणे कठीण. परंतु त्याच दिवसांत भेंडी, गवार, दोडके, पडवळ, कारले, काकडी, भोपळा, चुका, अंबाडी असे सारे वेलींवर व वाफ्यांत एकदम आलेले असते. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे मार्गशीर्षातील चंपाषष्ठीस खंडोबाच्या ताटात भरीत होऊन परत येते. शहराजवळील सातारा गावच्या खंडोबाच्या यात्रेस जाणाऱ्यांना त्या भरीत-भाकरीची गोडी सांगावयास नको. तुळशीच्या लग्नाला बोरे, चिंचा, आवळे आणि ऊस. महाशिवरात्रीला बेलाच्या जोडीने कवठ, तर काही ठिकाणी आंब्याचा पहिला मोहोरही.

आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी! वांगी, गाजर, हरभऱ्याचे घाटे, वालपापडी, पावटा, ओले शेंगदाणे, बोरे, वर तिळाचे कूट अशी सर्व मिळून एकच भाजी, तिच्यासोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. मराठवाड्यात पौषाची थंडी कोरडी असते, अंग उलते. त्या वेळी तीळ आणि बाजरी यांची ऊब हवीच असते. दुसऱ्या दिवशी सुगडात गाजर, बोरे, हरभरा, उसाची कांडी आणि गव्हाची ओंबी घालून सुवासिनी एकमेकींना वाण देतात. सुगड मातीचे, आतील वस्तू मातीतून आलेल्या. भोगीची भाजी अन्य महिन्यात करून पाहिली तर ती होते, पण भोगी होत नाही.

अरणच्या संत सावता महाराजांनी तेराव्या शतकात याच भावनेने मळा राखला. पंढरीच्या वारीपेक्षा त्यांनी आपल्या वाफ्यांना पाणी देण्यातच विठ्ठलसेवा मानली, आणि देवच भक्ताच्या भेटीस येतो या श्रद्धेने पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी आजही अरणला नेली जाते. पैठणच्या नाथमहाराजांची कथा तर या भागात घरोघरी ठाऊक आहे. रामेश्वरास अर्पण करण्यासाठी आणलेले गंगेचे पाणी त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. सोबतचे लोक हळहळले. नाथांना मात्र रामेश्वराने ते तेथेच स्वीकारल्याचा आनंद झाला. अर्पण कोठे पोहोचले, हे पाहण्याची नाथांची ही दृष्टी फळ विकत घेतानाही उपयोगी पडते.

याच पैठणच्या परिसरात आणि शेजारच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा आहेत. मोसंबीचे झाड लावल्यावर फळ हाती येण्यास चार-पाच वर्षे लागतात. तोवर शेतकरी केवळ घालीत राहतो. 2012-13च्या दुष्काळात नाथसागराचा साठा तळाला गेला आणि जालना व तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यांतील कितीतरी बागा उभ्या वाळल्या. काहींनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगविली, काहींनी वाळलेली झाडे स्वतःच्या हातांनी तोडून सरपण केले. ज्या हंगामात झाडे जगली, त्या हंगामात भाव मिळेलच याचीही शाश्वती नसते. अशा फळाची पाटी समोर असताना, दानपेटीत नोट टाकताना न मोजणारा हात दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू लागतो, तेव्हा देवापुढील दान आणि देवाच्या वाटेवरील व्यवहार यांची फारकत झालेली असते. माल पारखून घ्यावा, वाजवी भाव विचारावा; गरजवंताला खिंडीत गाठू नये.

अन्नदानाचा संकल्प करणाऱ्या यजमानांनीही या गोष्टीकडे लक्ष द्यावे. महाप्रसाद म्हणताच बुंदी, जिलबी आणि बारमाही मिळणारा बटाटा यांपलीकडे विचार जात नाही. मेथी, कोथिंबीर किंवा टोमॅटो यांचा भाव एकाएकी कोसळून माल रस्त्याकडेला ओतण्याची पाळी शेतकऱ्यावर वारंवार येते. जाधववाडीच्या बाजार समितीत नेण्याचे भाडेही सुटत नाही, असे ते दिवस असतात. नेमक्या अशा दिवसांत परिसरातील शेतातून भाजी रास्त दराने घेऊन ती पंगतीस वाढली, तर एकाच रकमेतून दोन घरांची चूल पेटते. दात्याने देणगी देण्यापूर्वी त्या महिन्यात काय पिकले आहे याची चौकशी करावी. वरण-भाताबरोबर ताजी भाजी, ज्वारीची भाकरी आणि मोसमातील एखादे फळ, एवढ्यात पंगत तृप्त होते.

यात्रेस येणाऱ्यांच्या सोयीसाठी ऋतूंचा मेळ साधारणपणे असा आहे. श्रावण-भाद्रपदात करटुले, तरोटा, कुर्डू, घोळ या रानभाज्या आठवडी बाजारांत मिळतात. त्या ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्याव्यात. आश्विन-कार्तिकात सीताफळ. मोसंबीचे दोन बहार असल्याने ती पावसाळ्याच्या अखेरीपासून दिवाळीच्या सुमारास आणि पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडावर येते. पेरू व बोरे थंडीत, कवठ महाशिवरात्रीच्या सुमारास, केसर आंबा वैशाखाच्या पुढे. सीताफळ गावी न्यावयाचे झाल्यास डोळे उघडलेले पण हातास कठीण लागणारे निवडावे, वर्तमानपत्रात गुंडाळून हवेशीर टोपलीत ठेवावे आणि त्यावर दुसरे ओझे ठेवू नये. पिकलेले असेल तर ते देवाला दाखवून तेथेच सहप्रवाशांत वाटून खावे, आणि बिया व साली मंदिराच्या आवारात किंवा घाटात न टाकता सोबत ठेवाव्यात.