आपण घालू का?

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की कपाटातून कपड्यांचा ढीग निघतो. ‘कुणाला तरी देऊन टाकू’ म्हणत गाठोडं बांधलं जातं. हेतू चांगलाच असतो, पण त्यातला प्रत्येक कपडा देण्याच्या लायकीचा आहे का, हे किती जण बघतात?

26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून कपडे येऊन पडले. त्यातले कितीतरी फाटके, मळके किंवा तिथे कुणी घालणार नाही असे होते. घरदार गेलेल्या माणसांनीही ते उचलले नाहीत. रस्त्याकडेला ढीग साचले. सगळं वाहून गेलं तरी माणसाचा स्वाभिमान शाबूत असतो, हे पाठवणाऱ्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते कपडे निवडून मार्गी लावण्याचं काम पुढे ‘गूंज’ने अंगावर घेतलं. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये सुरू केलेल्या या संस्थेची रीत वेगळी आहे. गावकरी आपल्या गरजेचं काम ठरवतात, विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. त्यामुळे घेणाऱ्याची मान ताठ राहते.

आपल्या दारावर येणाऱ्या बोहारणीचा व्यवहारही असाच रोखठोक. ती साडी उजेडाकडे धरते, विरलेली जागा हेरते, काठ चाचपते, पँटची चेन ओढून बघते आणि मगच पातेलं द्यायचं की डबा, ते ठरतं. तिने नेलेले कपडे धुऊन, शिवून पुन्हा बाजारात मांडले जातात. गिऱ्हाईक ते पारखून, घासाघीस करून, स्वतःच्या पैशाने घेतं.

हल्ली तरुण मुलं थ्रिफ्ट स्टोअरमधून वापरलेले कपडे हौसेने घेतात, तेव्हा घरातली मोठी माणसं नाक मुरडतात. ‘दुसऱ्याचे उतरलेले कपडे कशाला?’ पण त्याच घरात तान्ह्या बाळाला पहिलं अंगडं वापरून मऊ झालेलं घालतात, दुपटं आजीच्या जुन्या लुगड्याचं शिवतात. बाळाला चालतं, मग आपल्यालाच कमीपणा का? आणि जे घालायला आपल्याला कमीपणा वाटतो, ते दुसऱ्याने हसतमुखाने घ्यावं, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने?

म्हणून यंदा गाठोडं बांधताना प्रत्येक कपडा हातात घ्या आणि ‘मी हा घालीन का?’ असं स्वतःला विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर तो धुवा, तुटलेलं बटण लावा, इस्त्री करा आणि मग द्या. ‘नाही’ असेल तर त्याची गोधडी शिवा, फडकं करा, पण दान म्हणून कुणाच्या पदरात घालू नका. आणि एखादा वापरलेला कपडा स्वतःसाठीही विकत घ्या. जुनं घालायची लाज गेली, की जुनं देण्यातला तोराही जाईल.