तीच जीप

माणसाने दोन गोष्टी वारशाने घेऊ नयेत. एक कोर्टातला दावा आणि दुसरी जीप. दोन्ही वडिलांनी हौसेने सुरू केलेल्या असतात, दोन्हींना दर वर्षी तेल घालावं लागतं, आणि दोन्ही कुठेही पोचणार नाहीत हे आपल्याआधी शेजाऱ्यांना कळलेलं असतं. कोकणात पहिली गोष्ट बहुतेक घरांना मिळतेच. आमच्या घराला दुसरीही मिळाली.

जीप 1967 सालची. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती 1974 साली एका सरकारी लिलावात घेतली. त्या वेळी हर्णे गावात मोटारी मोजायला एका हाताची बोटं पुरत. त्यामुळे ही जीप आमची असली तरी गावाची होती. हिच्यातून आंबा गेला, सुपारी गेली, गणपती आले, नवऱ्या मुली गेल्या. अडलेल्या बायका रात्री-बेरात्री दापोलीला गेल्या, आणि त्यांतली दोन बाळं दापोलीपर्यंत थांबायला तयार नव्हती म्हणून आसूदच्या चढावरच जन्मली. त्यांतला एक आज गावात पुढारी आहे. चढावर अर्ध्यात थांबून आरडाओरडा करायची त्याची सवय तेव्हापासूनची.

आता हर्णेच्या हवेत लोखंड फार दिवस लोखंड राहत नाही. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग टिकून आहे तो दगडाचा आहे म्हणून. जीपचा खालचा पत्रा दोनदा बदलला, मडगार्डं बदलली, टपाचं कापड तर किती वेळा बदललं याचा हिशेब आईकडे होता, तो तिच्याबरोबर गेला. मूळचं म्हणावं असं राहिलं होतं ते चासी आणि इंजिन. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ वादळाने माड-पोफळी रस्त्यावर आडव्या पाडल्या, तेव्हा या म्हातारीने चारी चाकांना जोर लावून ओंडके ओढले. पण त्यानंतर तिला दम लागू लागला. निळा धूर, पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त. मिस्त्रीने बॉनेट उघडून कान लावला आणि निदान केलं, “दादा, इंजिन कामाला आलंय.”

ही मिस्त्री लोकांची भाषा मोठी गमतीची आहे. माणूस कामाला आला म्हणजे त्याचा उपयोग झाला. इंजिन कामाला आलं म्हणजे त्याचा उपयोग संपला!

मग दोन मार्ग निघाले. एक, इंजिनकाम करायचं. म्हणजे सगळं खोलून बोअर मारायचं, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा नव्या घालायच्या, क्रँक घासून घ्यायचा. त्यात हे इंजिन ‘हरिकेन’ जातीचं. याचा आत घेणारा व्हॉल्व्ह डोक्यात आणि बाहेर सोडणारा पोटाच्या बाजूला. माणसाचंही साधारण असंच असतं, पण माणसाचे भाग मिळतात. याचे शोधावे लागतात. दुसरा मार्ग, हे काढून डिझेल इंजिन टाकायचं. ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने 2.1 लिटरचं डिझेल इंजिन आपल्याकडे बनू लागलं आणि जीपमध्ये बसू लागलं. तसलं एक भंगारवाल्याकडे चांगल्या अवस्थेत पडलेलं होतं. निम्म्या पैशांत काम.

पुण्याच्या धाकट्या भावाचं मत डिझेलला. “डिझेल स्वस्त पडतं,” हा त्याचा मुद्दा. हे आमच्या तरुणपणचं वेदवाक्य. 2014 च्या ऑक्टोबरात डिझेलचा भाव सरकारी नियंत्रणातून सुटला आणि दोन तेलांमधलं अंतर बरंचसं आटलं, पण वेदवाक्यं काही भावाप्रमाणे बदलत नाहीत. पुतण्या त्याच्याही पुढचा. तो म्हणाला, “काका, विजेची मोटर बसवू. आवाज नाही, धूर नाही.” त्याच्याजवळ बोलायला मुद्देही तसेच होते, आवाज न करता पटणारे.

मला मात्र एका साध्या प्रश्नाने झोप येईना. इंजिन बदललं, तर ही जीप तीच राहील का?

हसू नका. या प्रश्नावर मोठमोठ्यांच्या झोपा उडाल्या आहेत. ग्रीकांकडे थीसियस नावाच्या वीराचं गलबत होतं. अथेन्सच्या लोकांनी ते जपलं, म्हणजे फळी कुजली की नवी घातली, आणि मग तत्त्वज्ञ भांडत बसले की हे तेच की दुसरं. आपल्याकडे मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने विचारलं, “महाराज, रथातून आलात ना? मग रथ म्हणजे काय? आस? चाकं? जू?” राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी कबूल झाला की रथ हे या सगळ्या जुळणीला दिलेलं नुसतं नाव आहे. भिक्षू जिंकला. पण भिक्षूला रथाचं मिस्त्रीचं बिल भरायचं नव्हतं, हेही लक्षात घेतलं पाहिजे.

आणि नावाचं म्हणाल, तर ही जीप बनवणाऱ्या कंपनीचं नावच बघा. 1945 साली ती निघाली तेव्हा ‘महिंद्र अँड महमद’ होती. फाळणी झाली, गुलाम महमद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 साली कंपनी ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. अर्धं नाव बदललं, आद्याक्षरं तीच! या जीपचं रूपही मूळचं नव्हे. अमेरिकेत विलीज कंपनीने हे हरिकेन इंजिन केलं ते आधीच्यापेक्षा उंच निघालं. जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून 1953 साली सरळ बॉनेटच उंच केलं, आणि आमच्या जीपचा तो कपाळ वर केलेला चेहरा जन्माला आला. इंजिनासाठी चेहरा बदलला होता. आता चेहरा ठेवून इंजिन बदला म्हणतात. गीतेत आत्मा तोच राहतो आणि वस्त्रं बदलतात. इथे वस्त्र तेच आणि आत्मा फ्रेंच!

कायद्यालाही मी विचारून पाहिलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की गाडीत असा बदल परस्पर करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी फारकत चालणार नाही. उलट, 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तर तिला ‘व्हिंटेज’ म्हणून खास क्रमांक मिळतो. मी हरखलो. पण पुढचं वाक्य वाचलं. अशी गाडी प्रदर्शनाला न्यावी, रॅलीत न्यावी, तेल भरायला आणि दुरुस्तीला न्यावी. रोजच्या वापराला मात्र काढायची नाही. म्हणजे अस्सल ठरलात की बाजारात जायचं नाही. कीर्तनकाराला पद्मश्री द्यावी आणि आता कीर्तन करू नका म्हणावं, तसलं हे. “आरटीओत आपला माणूस आहे,” असंही एकाने सुचवलं. प्रत्येक कचेरीत ज्याचा माणूस असतो असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. पण कायद्याने उत्तर दिलं म्हणजे प्रश्न सुटला असं मानणारा मनुष्य कोकणात अजून जन्माला यायचा आहे. चोरून बदललेलं इंजिन बेकायदा ठरेल, पण जीप तीच की दुसरी हे कायद्याला ठाऊक नाही. त्याला चासीवरचा आकडा ठाऊक.

शेवटी पाजपंढरीच्या एका ओळखीच्या तांडेलाला विचारलं. त्याची होडी त्याच्या वडिलांच्या वेळची. फळ्या बदलल्या, शीड गेलं, इंजिन आलं, तेही तीनदा नवं झालं. संध्याकाळी बंदरावर लिलाव चालला होता, तो पापलेटाच्या भावात गुंतला होता. मी म्हटलं, “होडी तीच का हो तुमची?”

“मंग काय शेजाऱ्याची?” तो म्हणाला आणि पुन्हा भावाकडे वळला.

मी घरी येताना विचार करत आलो. त्याला हा प्रश्न पडत नाही, कारण ती होडी त्याला रोज समुद्रात नेते आणि परत आणते. त्याच्यासाठी ती तेवढ्यानेच तीच असते. चासीचा आकडा जुळला की आरटीओसाठी जीप तीच. पुढारी झालेल्या त्या बाळाच्या आईसाठी मागची बाक आहे तोवर तीच. शाळेतल्या पोरांसाठी तो वर केलेल्या कपाळाचा चेहरा आहे तोवर तीच. म्हणजे ‘तीच का?’ हा प्रश्नच अर्धा आहे. ‘कुणासाठी तीच?’ असं विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. नागसेन राजाला रथाचे भाग विचारत गेला. रथाची वाट बघणारं घरी कोण आहे, एवढं मात्र त्याने विचारलं नाही.

आमच्या घरी वाट बघणारे आबा आहेत. वय अठ्ठ्याऐंशी. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले त्याला सहा वर्षं होतील. पडवीत खुर्ची टाकून बसतात. जीप बाजारातून निघून देवळाच्या वळणावर आली की त्यांना कळतं. आत हाक जाते, “आला गो तो, चहाचं आधण ठेव.” चढणीला मी गिअर उशिरा बदलला तर पोचल्यावर दोन शब्द ऐकावे लागतात. कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला तर मिस्त्रीच्या आधी यांना समजतो. पत्रा कुठला, रंग कुठला, चेहरा कसा, हे आता त्यांच्या लेखी काही नाही. आबांची जीप म्हणजे तो आवाज.

मी त्यांना विचारलं. “आबा, इंजिन बदलावं म्हणतायत.”

“बदला की. मी काय चालवणार आहे आता?”

“डिझेलचं.”

“भाताच्या गिरणीसारखं वाजतं ते,” आबा म्हणाले. मग थोडा वेळ गप्प बसून, “वाजू दे. वळणावर आली की कुणीतरी मला सांगा, आपलीच आहे म्हणून. म्हणजे झालं.”

आता पंचाईत बघा. ज्याचा हक्क सर्वांत मोठा त्याने तो सोडून दिला. व्यवहार सांगतो, प्रश्न मिटला. पण घरातला म्हातारा माणूस ‘माझं काय, तुम्ही ठरवा’ म्हणतो तेव्हा तो हक्क सोडतो, आपण काही त्यातून सुटत नाही. उलट अडकतो. मला डोळे आहेत. बॉनेटखाली काहीही घातलं तरी मी ती जीप ओळखीन. भाऊ फोटोवरून ओळखील. ज्याच्याजवळ ओळखायला एकच खूण उरली आहे, त्याची तेवढी खूण आपण पुसावी का? सगळ्यांच्या ओळखी राखता येत नसतील, तर ज्याच्याकडे दुसरी वाट नाही त्याची आधी राखावी. मला वाटतं, तत्त्वज्ञान इथपर्यंत आलं तरी पुष्कळ झालं.

भाऊ म्हणाला, “ही निव्वळ भावना झाली.” असेल. पण मी दुसरी बाजूही तपासली आहे. रात्री अडलेली बाई दापोलीला न्यायची असती, तर आबांच्या कानापेक्षा तिचा जीव मोठा होता. मिळेल ते इंजिन टाकून गाडी उभी करणं हाच त्या वेळी धर्म ठरला असता, आणि आबांनीच ते पहिलं केलं असतं. पण 2014 पासून 108 नंबर लावला की रुग्णवाहिका येते. आमच्या जीपवर आता कुणाचा जीव अवलंबून नाही. एका माणसाची संध्याकाळ अवलंबून आहे. तेव्हा इंजिनकाम.

निर्णय मिस्त्रीला सांगितला, कारणासकट. तो डोकं खाजवत म्हणाला, “दादा, एक सांगू का? हा आवाज राहायचा नाही.”

“का?”

“अहो, ही खडखड झिजल्याची आहे. नवे पिस्टन, नव्या बेअरिंगा घातल्यावर ती येणार कुठून?”

माझं सगळं तत्त्वज्ञान एका स्पॅनरने त्याने सैल केलं. मी पडवीत जाऊन आबांना हे सांगितलं. सांगावंच लागलं, कारण ज्यांच्यासाठी खर्च चालला होता त्यांनाच नंतर अंधारात गाठणं बरं नव्हे.

आबा हसले. “मेल्या, ही खडखड तुझ्या वेळची,” ते म्हणाले. “चौऱ्याहत्तर साली कशी वाजत होती ते मला विचार. मिस्त्रीला सांग, उभी राहिली की बडबडली पाहिजे, खोकली नाही पाहिजे.”

मिस्त्रीला तसं सांगितलं. त्याने काही ते हसण्यावारी नेलं नाही. म्हणाला, “माझ्या हातात आली तेव्हाच ती जुनी झालेली होती. नवी असताना ऐकलेले तेवढे एकच राहिलेत.”

इंजिन सध्या चिपळूणला बोअरिंगला गेलं आहे. रिकाम्या बॉनेटखाली शेजारणीची कोंबडी अंडी घालते, ती अंडी कुणाची यावर एक छोटासा दावा सुरू व्हायच्या बेतात आहे. भाऊ खर्चाचे आकडे मागतो, मी फोन लागत नाही म्हणतो. मिस्त्री मात्र काल मुद्दाम येऊन सांगून गेला, “इंजिन बसवलं की पहिल्यांदा आबांची खुर्ची पडवीतून खाली, बॉनेटजवळ आणून ठेवा. ते बरोबर म्हणेपर्यंत मी कार्ब्युरेटरचा स्क्रू सोडणार नाही.”

आबांनी विचारलं, “किती वाजता यायचं?”