पुढे होणे

"तुम्ही पुढे व्हा, मी आलोच." हे आपले रोजचेच बोलणे. पण 'पुढे होणे' या क्रियापदाचा अर्थ काय, याचा विचार, सज्जनहो, आपण क्वचितच करतो. एकाने आधी निघावे, दुसऱ्याने मागून यावे, एवढेच ते सांगते. आधी निघाला तो थोर, हा अर्थ आपण पदरचा घालतो.

'पूर्व' म्हणजे उगवतीची दिशा, आणि 'पूर्व' म्हणजे आधीचेही. आपला गोंदिया महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला. दुपारचा सूर्य इथे पंढरपूरच्या सुमारे 20 मिनिटे आधी माथ्यावर येतो. इकडच्या बोलीत सांगायचे तर 'पहिले' येतो. म्हणून गोंदियाकरांचे पुण्य का 20 मिनिटांनी वाढले? आधी येणे ही स्थळकाळाची गोष्ट, योग्यतेची नव्हे.

चांगदेवांची कथा आपण कीर्तनात ऐकतोच. वय 1400 वर्षांचे. ज्ञानोबा वयाने लहान, ज्ञानाने मोठे. पत्राचा मायना 'तीर्थरूप' लिहावा की 'चिरंजीव'? सुचेना, म्हणून पत्र कोरेच धाडले. आधी जन्मल्याचा हिशेब आडवा आला! उत्तरादाखल 65 ओव्या आल्या, आणि पुढे त्याच चांगदेवांनी भावंडांत सर्वांत धाकट्या मुक्ताबाईंना गुरू केले.

मग क्रम नकोच का? तसे नाही. क्रमावाचून दिंडी चालत नाही. माउलींच्या सोहळ्यात 27 दिंड्या रथाच्या पुढे, बाकीच्या मागे. वाखरीहून पंढरीत शिरताना इतर संतांच्या पालख्या पुढे होतात आणि माउलींची सर्वांत शेवटी निघते. पुढे असणाऱ्याने वाट मोकळी करावी, मागच्याने ती चालावी. म्हणजे पुढे होणे हे काम आहे, बढाई नव्हे.

पण आपण काय करतो? दर्शनबारीत म्हातारीला रेटून पुढे घुसतो. "आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वारी आहे" म्हणून नव्या माळकऱ्याला मागे सारतो. असा माणूस देवापाशी आधी पोचेलही. पण ज्याला ढकलले, त्याच्यातला देव तर मागेच राहिला की हो!

वारकरी वारकऱ्याला भेटला की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. वय नाही, जात नाही, माळ कधी घातली हेही कोणी विचारीत नाही. आधी कोण वाकला, याचा हिशेब तिथे कोणी ठेवीत नाही. पुढे व्हायचेच असेल, तर बाबांनो, तिथे व्हावे.