ओले कपडे कुठे वाळत घालायचे?

पुण्यातल्या एका परिसंवादात गेल्या वर्षी माझे एक आर्किटेक्ट स्नेही सगळ्यांदेखत मला म्हणाले, "घर चांगलं झालंय का, हे टीव्हीसमोर बसलेल्या प्रेक्षकाला विचारणं म्हणजे ऑपरेशन चांगलं झालंय का, हे पेशंटला विचारण्यासारखं आहे." टाळ्या पडल्या. मला जागेवर उत्तर सुचलं नाही. घरी पोचेपर्यंत सुचलं, पण तोवर सभागृहाला कुलूप लागलं होतं. ते उत्तर इथे देतो.

वाद निघाला होता ब्रिटनच्या चॅनेल फोरवरच्या 'ग्रँड डिझाइन्स : हाउस ऑफ द इयर' या कार्यक्रमावरून. मुलीकडे इंग्लंडात चार महिने राहिलो तेव्हा आम्ही घरातले सगळे मिळून तो बघायचो. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स ही संस्था देशातल्या एका नव्या घराला पुरस्कार देते. २००१ पासून तो मॅन्सर मेडल या नावाने दिला जायचा. २०१५ साली त्याचं नाव बदललं आणि स्पर्धा टीव्हीवर आली. निवेदक केव्हिन मक्लाउड आणि त्यांचे सहकारी एकेक घर फिरून दाखवतात, मोठ्या यादीची छोटी यादी होते आणि शेवटी एक घर उरतं. निवड संस्थेचे पंच करतात. प्रेक्षकाला तिथे मतदान नाही. पण ज्याला मत नाही असा प्रेक्षकही नाही.

घरं तशीच असतात. २०१५ चं विजेतं फ्लिंट हाउस बकिंगहॅमशरमधल्या वॉडस्डनच्या शेतातून वर आल्यासारखं दिसतं. पायाशी चकमकीचे काळेभोर दगड, आणि वर चढत जावं तसतशी भिंत फिकट होत माथ्यावर खडूसारखी पांढरी. ईटनचं कॉर्क हाउस २०१९ च्या छोट्या यादीत होतं. बुचाचे १,२६८ ठोकळे, सिमेंट नाही, गोंद नाही, एकावर एक नुसते रचलेले. उद्या नको झालं तर उतरवून ठेवता येतील असे. २०२२ चं विजेतं डॉर्सेटमधलं रेड हाउस लाल विटांचं, त्यावर हिरव्या रंगाचा ठसठशीत साज. २०२३ चं टॉटनममधलं ग्रीन हाउस लंडनच्या दाटीतलं, दर्शनी भागावर पॉलिकार्बोनेटचं आवरण आणि मागे झाडं.

आमच्या दिवाणखान्यात यावर जे बोललं जायचं, ते बहुधा त्या देशातल्या अनेक दिवाणखान्यांत बोललं जात असेल. जावई म्हणायचे, "हे घर आहे की गोदाम?" मुलगी म्हणायची, "खिडक्यांना पडदे कसे नाहीत?" आणि माझी बायको प्रत्येक घराला एकच प्रश्न विचारायची, "सगळं छान आहे, पण ओले कपडे कुठे वाळत घालायचे?" त्या देशात पाऊस कधी येईल याचा नेम नाही, तरी आम्ही पाहिलेल्या एकाही घरात दोरी दिसली नाही.

परिसंवादात मी या सगळ्या बोलण्याच्या बाजूने उभा होतो. माझा युक्तिवाद साधा होता. टाका कसा घालायचा हे पेशंटला ठाऊक नसतं, हे खरं. पण दुखायचं थांबलं की नाही, हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. आणि पाठीशी घ्यायला माझ्याकडे एक माणूस होता, ज्याच्याकडे मी तीस वर्षं पुन्हापुन्हा जातो आहे.

तो माणूस म्हणजे व्हिएन्नाचा आर्किटेक्ट आडॉल्फ लोस. दागिन्यांनी मढवलेल्या इमारतींवर त्याने केलेला हल्ला सगळ्यांना माहीत असतो, तो बाजूला ठेवू. त्याने १९१० साली 'आर्किटेक्चर' नावाचा निबंध लिहिला, त्यातलं एक म्हणणं मला कायम त्या हल्ल्यापेक्षा मोठं वाटत आलं आहे. तो म्हणतो की चित्र कुणालाच आवडलं नाही तरी बिघडत नाही, कारण ती चित्रकाराची खासगी बाब आहे. घराचं तसं नाही. घर सगळ्यांना आवडलं पाहिजे. चित्राची मागणी कुणी केलेली नसते. घराची गरज असते. चित्र माणसाला त्याच्या स्वस्थपणातून हलवतं. घराने त्याला स्वस्थपणा द्यायचा असतो. म्हणून लोस घराला कलेच्या प्रांतातून सरळ बाहेर काढतो. बांधकामातली फक्त दोनच कामं तो कलेकडे ठेवतो, थडगं आणि स्मारक. निबंधाची सुरुवात तो डोंगरातल्या एका तळ्याकाठी करतो. शेतकऱ्यांची घरं तिथे मातीतून आल्यासारखी शांत बसलेली आहेत, आणि मधेच एक आर्किटेक्टचा बंगला त्या शांततेत ओरडतो आहे. तो आर्किटेक्ट चांगला की वाईट, याने फरक पडत नाही, असं लोस म्हणतो. शेतकऱ्याकडे संस्कृती आहे, शहरातल्या माणसाकडे ती उरलेली नाही, म्हणून ती किंकाळी.

स्वतः आर्किटेक्ट असून आपल्या जमातीविषयी इतकं सरळ लिहायला धाडस लागतं. मला वाटायचं, हा माणूस सोबत असताना माझ्या स्नेह्यांचं पेशंटचं उदाहरण टिकणार नाही. घर सगळ्यांना आवडलं पाहिजे, तर सगळ्यांनी बोललंही पाहिजे.

पण लोस पुन्हा वाचायला घेतला तेव्हा ज्या गोष्टीवरून मी दरवेळी घाईने पुढे जायचो, तिथे अडकलो. ज्या वर्षी त्याने हे लिहिलं, त्याच वर्षी व्हिएन्नाच्या मिखाएलरप्लाट्झ चौकात, राजवाड्याच्या नक्षीदार दाराच्या अगदी समोर, त्याचीच एक इमारत उभी राहत होती आणि सगळं शहर तिच्यावर तुटून पडलं होतं. खाली एका शिंप्यांच्या पेढीचं संगमरवरी दुकान, वर राहायची घरं. वरच्या मजल्यांच्या भिंती कोऱ्या, खिडक्यांभोवती काहीच नाही. लोक म्हणाले, या घराला भुवया नाहीत. पालिकेने काम थांबवलं. लोसला भर सभेत जाऊन आपल्या घराची बाजू मांडावी लागली. शेवटी खिडक्यांखाली फुलांच्या कुंड्या बसवायच्या, यावर तडजोड झाली. ज्याने घर सगळ्यांना आवडलंच पाहिजे म्हटलं, त्याचंच घर कुणाला आवडलं नव्हतं. आज ती इमारत संरक्षित आहे आणि जगभरातले लोक मुद्दाम वाट वाकडी करून ती बघायला जातात. त्यातल्या कुणालाही भुवया आठवत नाहीत.

मग व्हिएन्नाचे लोक चुकले होते का? मला प्रामाणिकपणे सांगायचं तर, हो. आणि ते चुकले असतील तर "हे घर आहे की गोदाम" म्हणणारे आमचे जावईही चुकू शकतात, मी चुकू शकतो, आणि माझे स्नेही त्या दिवशी निदान अर्धे बरोबर होते.

अर्धेच. कारण याच लोसने त्याआधी दहा वर्षं, १९०० साली, एका बिचाऱ्या श्रीमंत माणसाची गोष्ट लिहिली आहे. या माणसाला घरात कला हवी असते. तो एका नामांकित आर्किटेक्टला बोलावतो आणि आर्किटेक्ट पडद्यापासून दिव्यापर्यंत सगळं घडवून देतो. कुठली वस्तू कुठे ठेवायची हे ठरलेलं, त्यात बदल नाही. एके दिवशी आर्किटेक्ट भेटायला येतो आणि मालकाच्या पायांकडे बघून संतापतो. पायात सपाता असतात. मालक म्हणतो, पण या तर तुम्हीच काढून दिलेल्या. आर्किटेक्ट म्हणतो, त्या झोपायच्या खोलीसाठी होत्या. इथे त्या सगळा रंगमेळ मोडून टाकतात. मग वाढदिवसाला बायकामुलांनी दिलेल्या भेटवस्तूंवरूनही हेच होतं. मी तुम्हाला पूर्ण केलेलं असताना तुम्हाला आणखी काही हवंच कसं, असं आर्किटेक्ट विचारतो. त्या क्षणी श्रीमंत माणसाला कळतं की आता आपल्याला आयुष्यात नवं काही मिळणार नाही. आपण पुरे झालो.

इथे मला माझी गफलत सापडली. मी दोन वेगळ्या मतांचं एकच गाठोडं बांधून वर्षभर वागवत होतो. एक मत डोळ्यांचं, भुवयांचं. ते सवयीतून येतं आणि सवय बदलली की विरतं. दुसरं मत सपातांचं, आणि ते विरत नाही. जिन्याला कठडा नसेल तर सत्तर वर्षांच्या माणसाला तो जिना आजही नको असतो आणि पन्नास वर्षांनीही नको असेल. बायकोचा दोरीचा प्रश्न सपातांचा होता. टीव्हीवरच्या विचित्र घरांवर सगळ्यात मोठ्याने बोललं जातं ते भुवयांविषयी. दोरीचा प्रश्न कुणीतरी हळू आवाजात विचारतं आणि बाकीचे हसून पुढचं घर बघायला लागतात.

त्यातही एक अडचण आहे, आणि ती मी माझ्याच विरुद्ध मांडतो. लोस ज्यांना 'सगळे' म्हणत होता, ते त्या रस्त्यावरून रोज जाणारे लोक होते. टीव्हीचा प्रेक्षक त्या रस्त्यावरून कधी जाणार नाही. तो घर आकाशातून बघतो, मग एकदम स्वयंपाकघरात उतरतो. वास नाही, थंडी नाही, शेजाऱ्याचा आवाज नाही. तो पेशंट नव्हे, काचेपलीकडून ऑपरेशन बघणारा माणूस आहे. पेशंट आहे तो त्या घरात राहणारा. आणि त्याला विचारलं जातं ते घर पुरतं नवं असताना, भूल उतरायच्या आत. काही वेळा तर पेशंट आणि सर्जन एकच असतो. २०१६ चं एडिंबरातलं विजेतं घर रिचर्ड मर्फी या आर्किटेक्टने स्वतःसाठीच बांधलेलं होतं, आणि २०२४ चं लंडनमधलं सिक्स कॉलम्स हेही त्याच्या आर्किटेक्टचंच राहतं घर. मूळ 'ग्रँड डिझाइन्स' मालिकेत मक्लाउड काही घरांकडे वर्षांनी परत जातात. स्पर्धेत मात्र तसं नाही. पुरस्कार देऊन झाला की दार लागतं.

पण दाराबाहेरच्या प्रेक्षकाचं मतही कधीकधी भारी पडतं. मॅन्सर मेडल ज्यांच्या नावाने होतं, ते मायकल मॅन्सर १९८४ साली त्या ब्रिटिश संस्थेचे अध्यक्ष होते. संस्थेला दीडशे वर्षं झाली म्हणून ३० मे रोजी हॅम्पटन कोर्ट राजवाड्यात समारंभ होता. तिथे राजपुत्र चार्ल्स बोलायला उभे राहिले आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या नियोजित विस्ताराला त्यांनी लाडक्या मित्राच्या चेहऱ्यावरच्या गळवाची उपमा दिली. तो आराखडा पुढे बारगळला. एका प्रेक्षकाच्या मताने इमारत अडवल्याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला ठाऊक नाही, आणि ते मत भुवयांचं होतं. त्याच भाषणात राजपुत्रांनी दुसरंही काही म्हटलं होतं. ज्यांना राहायचं आहे त्यांना बरोबर घेऊन घरं बांधणाऱ्या आर्किटेक्टांचं त्यांनी कौतुक केलं होतं. ते फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. गळू राहिलं.

त्या संध्याकाळी संस्थेचं सुवर्णपदक घ्यायला आलेला माणूस मुंबईचा होता. चार्ल्स कोरिया. गळवाच्या गदारोळात त्यांची संध्याकाळ हरवली याचं मला आजही वाईट वाटतं, कारण राहणाऱ्याला बरोबर घेऊन घर कसं बांधायचं, याचं उत्तर त्याच सुमारास सिडकोसाठी नवी मुंबईत बेलापूरला उभं राहत होतं. सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती. अशा तीन चौकांचा पुन्हा एक मोठा चौक, आणि तसंच वाढत जाणारं. पांढऱ्या भिंती, उतरती कौलं, गवंड्याला सहज बांधता येतील अशी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दोन घरांमध्ये सामाईक भिंत नाही. प्रत्येक घर आपल्या तुकड्यावर एकटं उभं, म्हणजे ज्याला वाढवायचं त्याला शेजाऱ्याच्या भिंतीला हात लावावा लागू नये. आपण काढलेलं घर मालक मोडणार, हे धरून चालून कोरियांनी ते काढलं होतं. लोसच्या गोष्टीतल्या आर्किटेक्टच्या हे अगदी उलट आहे.

आता तिथे मूळची घरं थोडी उरली आहेत. बरीचशी पाडून जागी दोन-तीन मजली स्लॅबची घरं झाली, पेस्टल रंगांची, ग्रॅनाइटच्या पायऱ्यांची. आर्किटेक्ट मंडळी ती बघून हळहळतात. माझे तेच स्नेही बेलापूरची गोष्ट निघाली की म्हणतात, लोकांनी वाट लावली. मीही पूर्वी असंच म्हणायचो.

गेल्या पावसाळ्यात बायकोला घेऊन तिथे गेलो. एका चौकात एक आजी डाळ निवडत बसल्या होत्या. आम्ही वर बघत फिरतोय हे पाहून म्हणाल्या, "रीडेव्हलपमेंटवाले का तुम्ही?" नाही म्हटल्यावर त्यांनी बसायला चटई दिली. त्यांचं घर खालून जुनं आणि वरून नवं होतं. थोरल्याचं लग्न झालं तेव्हा वर दोन खोल्या चढवल्या, म्हणाल्या. "शेजाऱ्याला विचारायला नको ना. भिंत आमची आमची आहे." कौलं गेली याचं वाईट वाटतं का, असं मी विचारलं. त्यांनी जरा आठवून सांगितलं की कौलांखाली दुपार बरी जायची, आता पंखा लागतो; पण सुनेला तिची खोली मिळाली.

मग बायकोने तिचा प्रश्न विचारला.

"पाऊस असला की ओसरीवर," आजी म्हणाल्या, "आणि उघडला की इथे चौकात. पण सातही घरांचे इथेच येतात हो ताई. दोरी धरायची तर सकाळी लवकर उठावं लागतं."