मीटर कपाटात, दोष उन्हाला!

काय रे, कोरल पांढरं पडलं म्हणून तोंड पाडून आलास? बस. आधी सांग, काल टाकीचं तापमान किती होतं? माहीत नाही. खारटपणा? माहीत नाही. अल्कलिनिटी? तीही नाही. मग माहीत काय आहे? "सर, पाणी तर स्वच्छ दिसतंय!" अमोनिया डोळ्यांना दिसतो का रे? केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालास ना? हे वाक्य तुझ्या तोंडी शोभतं?

नरडाण्याच्या एमआयडीसीत बॉयलर सांभाळतोस. पाण्याचा टीडीएस लिहायचा राहिला तर हाताखालच्या पोराला फाडून खातोस. घरी आलं की अक्कल गेटवर जमा करतोस? मालकाचं लोखंड जपायचं आणि जिवंत प्राणी वाऱ्यावर सोडायचा?

म्हणे, उन्हाळाच तसा आहे. खान्देशात मे महिना तापतो, हे तुला यंदाच कळलं? कोरलला २४ ते २७ अंश मानवतात. पाणी तिशीच्या वर रेंगाळलं की ते आपल्याच पेशींत राहणारं, आपल्याला पोसणारं शैवाल बाहेर टाकतं. रंग जातो तो त्यानं. तू पंखा लावलास, ठीक केलंस. पण आपल्या कोरड्या हवेत पंखा पाणी उडवतो, मीठ नाही. पातळी खाली, खारटपणा वर. आणि तू भर घातलीस कशाची? मिठाच्याच पाण्याची! उडालं गोडं पाणी, तर भरही गोड्याचीच, तीही आरओ-डीआयची. सातवीतलं पोर सांगेल हे. आणि त्या फिल्टरचा टीडीएस शून्य येतो का? तोही कधी बघितला नसशील.

मग दुकानदारानं सांगितलं म्हणून एका दिवसात चार बाटल्या ओतल्यास. काय कमी होतं, मोजलं होतंस? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आता मूळ दुखणं कोणतं आणि तुझ्या औषधाचं कोणतं, कसं ओळखायचं?

समुद्रातून प्रवाळ उपटून आणणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. तू कागदपत्रं बघूनच घेतलंस, म्हणून तर राग येतो. तिथे इतका चोख, इथे इतका ढिला?

आता बाटल्या बंद. रिफ्रॅक्टोमीटर आधी तपासून घे, टेस्ट किटची मुदत बघ. खारटपणा १.०२५ च्या आसपास आण, पण दोन-तीन दिवसांत, हळूहळू. अल्कलिनिटी आठ-नऊ डीकेएचवर स्थिर ठेव. दहा टक्के पाणी बदल, पण त्याच तापमानाचं, त्याच खारटपणाचं. लाइट कमी कर. वीज जाते ना? मग बॅटरीवरचा एअर पंप घे. मोबाइल बदलायला पैसे असतात तुझ्याकडे.

पांढरं पडलं म्हणजे मेलं नाही. ताण वेळेत उतरला तर सावरतं. तुला यातलं सगळं येतं, फक्त करायचा कंटाळा. रविवारी सात दिवसांचं रीडिंग लिहिलेली वही घेऊन ये. वही नसेल, तर रडगाणं घेऊन माझ्या दारात येऊ नकोस.